न उघडणारं प्रेझेंटेशन: फाइल ओळखण्यापासून स्लाइड पडद्यावर येईपर्यंत

कुणीतरी पाठवलेल्या प्रेझेंटेशनवर डबल-क्लिक केलं की कधी 'ही फाइल कशाने उघडू?' असा उलटा प्रश्न येतो, तर कधी 'फाइल वाचता येत नाही' असं कोरडं उत्तर मिळतं. मग धावपळ सुरू होते. कोणी नावाचा शेवट बदलून बघतं, कोणी हाती लागेल त्या ऑनलाइन कन्व्हर्टरवर फाइल चढवतं, तर कोणी पाठवणाऱ्याला 'परत पाठवा' म्हणून तीच फाइल पुन्हा मागवतं. हे सगळं करण्याआधी फाइल नक्की कोणती आहे हे पाहायला दोन मिनिटं दिली, तर निम्म्याहून जास्त वेळा उत्तर तिथेच सापडतं.

'उघडत नाही' या एकाच तक्रारीमागे दुखणी वेगवेगळी असतात. तुमच्या प्रोग्रॅमला तो फॉरमॅट मुळातच कळत नसेल. फॉरमॅट कळत असेल, पण आवृत्ती फार जुनी किंवा फार नवी असेल. फाइल धडधाकट असेल, पण सुरक्षेच्या कारणाने अडवलेली असेल. आणि चौथी शक्यता कोणाच्या लक्षात येत नाही: समोर आहे ते प्रेझेंटेशनच नसेल.

एक गोष्ट मात्र आधी करा. फाइलची प्रत काढा आणि पुढचे सगळे प्रयोग त्या प्रतीवरच करा. मूळ फाइलला हात लावायचा नाही.

नावाचा शेवट बघा

विंडोज नेहमीच्या मांडणीत फाइलच्या नावाचा शेवटचा तुकडा, म्हणजे एक्स्टेन्शन, लपवून ठेवतं. विंडोज ११ मध्ये फाइल एक्सप्लोरर उघडून 'व्ह्यू', मग 'शो', मग 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' निवडा. विंडोज १० मध्ये 'व्ह्यू' टॅबवर त्याच नावाचा चौकोन आहे, त्यावर खूण करा. मॅकवर फाइल निवडून 'गेट इन्फो' केलं की पूर्ण नाव दिसतं.

आता टिंबानंतर काय आहे ते वाचा. पीपीटी असेल तर तो पॉवरपॉइंटचा जुना फॉरमॅट, १९९७ ते २००३ च्या आवृत्त्यांमधला. पीपीटीएक्स हा ऑफिस २००७ पासूनचा. ओडीपी म्हणजे लिब्रेऑफिस किंवा ओपनऑफिस. 'की' म्हणजे ॲपलचं कीनोट. जीस्लाइड्स असेल तर गूगल स्लाइड्स, आणि त्यातली गंमत पुढे येतेच. पीपीएस आणि पीपीएसएक्स हेही पॉवरपॉइंटचेच, फक्त डबल-क्लिक केल्यावर थेट स्लाइड शो सुरू करणारे. अनेकांना वाटतं की हे प्रकार फक्त बघण्यासाठी आहेत, बदलता येत नाहीत. तसं नाही. आधी पॉवरपॉइंट उघडा, मग त्याच्या 'फाइल' मेनूतून 'ओपन' करून ती फाइल निवडा. ती नेहमीसारखी संपादनासाठी उघडते.

एक्स्टेन्शन बदलल्याने फाइल बदलत नाही. कीनोटच्या फाइलला पीपीटीएक्स असं नाव दिलं तर पॉवरपॉइंट ती उघडायला जातं, आत भलतंच सापडतं आणि 'फाइल खराब आहे' असं सांगून मोकळं होतं. फाइल खराब नसते, फक्त नाव खोटं असतं. आणि तुमच्याकडे येण्याआधीच कोणीतरी हा उद्योग केलेला असू शकतो, म्हणून नावावर पूर्ण विसंबू नये.

नावावर विश्वास नसेल तर आत डोकवा

यासाठी वेगळा प्रोग्रॅम लागत नाही. फाइलच्या प्रतीवर राइट-क्लिक करून 'ओपन विथ' मधून नोटपॅड निवडा. पडद्यावर अगम्य चिन्हांचा चिखल दिसेल, घाबरू नका. आपल्याला फक्त पहिल्या ओळीची सुरुवात हवी आहे. बघून झालं की नोटपॅड बंद करा. सेव्ह करायचं नाही, केलंत तर ती प्रत कायमची बिघडेल.

सुरुवातीला 'पीके' ही दोन रोमन अक्षरं दिसली तर फाइल झिप पद्धतीची आहे, म्हणजे अनेक फाइली दाबून एकात बांधलेली. ही अक्षरं झिप फॉरमॅट तयार करणाऱ्या फिल कॅट्झची आद्याक्षरं आहेत. पीपीटीएक्स, ओडीपी आणि एकाच फाइलच्या रूपात सेव्ह केलेलं कीनोट, तिन्ही आतून झिपच असतात, म्हणून अजून थोडं पुढे वाचा. ओडीपीमध्ये अगदी सुरुवातीलाच 'ओपनडॉक्युमेंट डॉट प्रेझेंटेशन' असा स्पष्ट वाचता येणारा मजकूर असतो, कारण त्या फॉरमॅटमध्ये ही ओळख पहिल्याच जागी आणि न दाबता लिहायची असते. पॉवरपॉइंटने बनवलेल्या पीपीटीएक्समध्ये चौकटी कंसात 'कंटेंट टाइप्स' असे शब्द बहुधा सुरुवातीलाच दिसतात.

सुरुवात डोक्यावर किंवा पोटात रेघा-टिंबं असलेल्या विचित्र रोमन अक्षरांनी होत असेल, आधी आडवी रेघ मारलेला डी आणि मग दोन टिंबांचा आय, तर ती जुन्या पीपीटीची घडण आहे. पण थांबा. फाइलचं नाव पीपीटीएक्स आणि आत ही सुरुवात, असं असेल तर फाइलला पासवर्ड असण्याची शक्यता मोठी. पासवर्ड घातलेली पीपीटीएक्स झिप राहत नाही, जुन्या पद्धतीच्या डब्यात बंद होते. मग पासवर्डची सोय नसलेला प्रोग्रॅम तिला 'खराब' म्हणतो. पाठवणाऱ्याकडून पासवर्ड मागून घेतला की प्रश्न मिटतो.

टक्क्याच्या चिन्हापुढे 'पीडीएफ' दिसलं तर ते पीडीएफच आहे, पीडीएफ रीडरने उघडा. आणि सुरुवातीला 'डॉकटाइप एचटीएमएल' दिसलं तर प्रेझेंटेशनऐवजी वेबपान उतरलं आहे. लॉगिन लागणाऱ्या पोर्टलवरून फाइल उतरवताना हे हमखास होतं: लॉगिनची मुदत संपलेली असते, सर्व्हर फाइलऐवजी लॉगिनचं पान पाठवतो आणि ब्राउझर ते पीपीटीएक्स नावाने ठेवून देतो. पुन्हा लॉगिन करून पुन्हा उतरवा.

फाइलचा आकारही बरंच सांगतो. शून्य केबी म्हणजे आत काहीच नाही. काही ठिकाणी फाइलच्या नावाच्या आधी ~$ अशी चिन्हं असतात आणि आकार जेमतेम शे-दीडशे बाइट. ही पॉवरपॉइंटने प्रेझेंटेशन उघडं असताना तयार केलेली तात्पुरती नोंद असते. पेनड्राइव्हवर घाईत कॉपी करताना खऱ्या फाइलऐवजी हीच उचलली जाते. तिच्यातून एकही स्लाइड निघणार नाही. ईमेलमधून विनमेल डॉट डॅट नावाचं अटॅचमेंट आलं असेल, तर पाठवणाऱ्याच्या आउटलुकने मेल स्वतःच्या खास पद्धतीने बांधला आहे. त्याला साधा मजकूर किंवा एचटीएमएल प्रकारात मेल पुन्हा पाठवायला सांगा.

अडवलेली फाइल

फॉरमॅट बरोबर आहे, प्रोग्रॅम नवा आहे, तरी पॉवरपॉइंट म्हणतं की मजकुरात अडचण आहे, दुरुस्त करून बघू का? दुरुस्तीला 'हो' म्हणण्याआधी एक साधी गोष्ट तपासा. इंटरनेटवरून किंवा ईमेलमधून आलेल्या फाइलवर विंडोज 'बाहेरून आलेली' असा अदृश्य शिक्का मारतं. कधी कधी त्या शिक्क्यामुळेच हा संदेश येतो. फाइलवर राइट-क्लिक, 'प्रॉपर्टीज', आणि 'जनरल' टॅबच्या तळाशी 'अनब्लॉक' चा चौकोन असेल तर खूण करून 'ओके'. मग पुन्हा उघडा. अर्थात पाठवणारा ओळखीचा असेल आणि फाइल येणार हे माहीत असेल तरच हे करा. अनोळखी मेलमधल्या फाइलसाठी हा शिक्का तुमच्याच भल्याचा आहे.

पीपीटीएम प्रकारच्या फाइलमध्ये मॅक्रो असतात, म्हणजे फाइलसोबत चालणारा छोटा प्रोग्रॅम. तिथे जास्त सावध राहा. स्लाइड बघण्यासाठी मॅक्रो चालू करायची गरज जवळपास कधीच नसते.

ऑफिसच्या संगणकांवर आणखी एक कुंपण असू शकतं. पॉवरपॉइंटच्या 'फाइल', 'ऑप्शन्स', 'ट्रस्ट सेंटर' मध्ये 'फाइल ब्लॉक सेटिंग्ज' नावाची यादी असते. कुठले जुने फॉरमॅट उघडू द्यायचे नाहीत ते तिथे ठरतं. संदेशात 'ब्लॉक' हा शब्द दिसला तर कारण तिथे शोधा. सेटिंग करडं पडलेलं असेल तर ते संगणक विभागाने कुलूपबंद केलेलं आहे, त्यांनाच विचारावं लागेल.

आता एकेक फॉरमॅट

पीपीटीएक्स उघडत नाही

हातात फार जुना ऑफिस असेल, २००३ किंवा त्याआधीचा, तर पीपीटीएक्स थेट उघडणार नाही. पूर्वी यासाठी मायक्रोसॉफ्टचा कम्पॅटिबिलिटी पॅक मिळायचा आणि फक्त बघण्यासाठी पॉवरपॉइंट व्ह्यूअरही होता. दोन्ही २०१८ च्या एप्रिलमध्ये निवृत्त झाले. आजही काही संकेतस्थळं 'व्ह्यूअर डाउनलोड करा' म्हणून तेच वाटत असतात. तिकडे फिरकू नका. जुन्या सॉफ्टवेअरच्या नावाखाली आणखी काय येईल याचा भरवसा नाही.

त्यापेक्षा दोन सरळ मार्ग आहेत. एक म्हणजे लिब्रेऑफिस: मोफत, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालणारं. त्यातला इम्प्रेस हा प्रोग्रॅम पीपीटी, पीपीटीएक्स, ओडीपी आणि कितीतरी विस्मृतीत गेलेले फॉरमॅट उघडतो. दुसरा मार्ग ब्राउझरचा. गूगल ड्राइव्हवर फाइल चढवून गूगल स्लाइड्सने उघडा, किंवा मायक्रोसॉफ्टच्या मोफत खात्याने वनड्राइव्हवर चढवून वेबवरच्या पॉवरपॉइंटमध्ये. गूगल स्लाइड्समध्ये बदलून घ्यायच्या फाइलला १०० एमबीची मर्यादा आहे. व्हिडिओ ठासलेलं प्रेझेंटेशन तिथे अडकतं.

मला विचाराल तर घरच्या संगणकावर लिब्रेऑफिस कायमचं टाकून ठेवावं. रोजचं काम कशातही करा, पण न उघडणारी फाइल आली की पहिला प्रयत्न त्यात.

पीपीटी, म्हणजे जुनी फाइल

नवं पॉवरपॉइंट ही 'कम्पॅटिबिलिटी मोड' मध्ये उघडतं, नावाच्या पट्टीवर तसं लिहिलेलंही दिसतं. काम चालतं, पण नव्या सोयी बंद राहतात. 'फाइल', 'इन्फो', 'कन्व्हर्ट' केलं की ती पीपीटीएक्स होते. मूळ पीपीटी वेगळी जपून ठेवायला विसरू नका.

खरी अडचण १९९७ च्या आधीच्या फाइलींची. पॉवरपॉइंट १९८७ साली मॅकिंटॉशवर आलं. त्यानंतरच्या पहिल्या दशकातल्या फाइलींचं एक्स्टेन्शनही पीपीटीच असू शकतं, पण आतली घडण वेगळी, आणि आजचं पॉवरपॉइंट त्यांना नकार देतं. इथेही आधी लिब्रेऑफिसवर नशीब आजमावा. तेही जमलं नाही तर अशा माणसाला शोधा ज्याच्याकडे जुन्या यंत्रावर पॉवरपॉइंट ९७ आहे. त्यात फाइल उघडून नव्या पीपीटी प्रकारात सेव्ह करायची आणि तिथून पुढे आजच्या प्रोग्रॅममध्ये आणायची. दोन टप्प्यांचा प्रवास, पण चालतो.

ओडीपी

हा खुला फॉरमॅट २००६ मध्ये आयएसओ मानक झाला, आणि पॉवरपॉइंट २००७ च्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासून तो उघडतंही. पण उघडणं आणि जसंच्या तसं दिसणं यात अंतर आहे. पॉवरपॉइंटने दुरुस्तीचा संदेश दाखवला किंवा मांडणी विस्कटली तर ओडीपी थेट पॉवरपॉइंटमध्ये रेटू नका. लिब्रेऑफिसमध्ये उघडा, 'सेव्ह ॲज' मधून पीपीटीएक्सचा प्रकार निवडा, आणि ती नवी फाइल पॉवरपॉइंटला द्या. ज्या प्रोग्रॅमने फाइल बनवली त्यालाच ती सर्वांत चांगली कळते, म्हणून रूपांतर शक्यतो त्याच बाजूने करावं.

कीनोट

सगळ्यात जास्त अडचणी या फॉरमॅटच्या असतात. विंडोजसाठी कीनोट नाहीच, पॉवरपॉइंट ते उघडत नाही, गूगल स्लाइड्सही नाही. लिब्रेऑफिस प्रयत्न करतं, पण ॲपलने २०१३ मध्ये कीनोटची आतली रचना बदलली आणि त्यानंतरच्या फाइली तिथे अर्ध्यामुर्ध्याच उतरतात.

पाठवणारा संपर्कात असेल तर पुढचं वाचायच्या आधी त्याला निरोप टाका: कीनोटच्या 'फाइल' मेनूत 'एक्स्पोर्ट टू', मग 'पॉवरपॉइंट', प्रकार पीपीटीएक्स. आणि त्याच मेनूतून एक पीडीएफ सुद्धा. त्याचं एक मिनिट जातं, तुमची संध्याकाळ वाचते.

पाठवणारा हाताशी नसेल तर आयक्लाउडचं संकेतस्थळ वापरा. ॲपलचं उपकरण नसलं तरी ॲपल खातं काढता येतं.

१. ब्राउझरमध्ये आयक्लाउडवर लॉगिन करून कीनोट उघडा.
२. अपलोडच्या बटणाने फाइल चढवा. यादीत तिचं छोटं चित्र दिसेपर्यंत थांबा.
३. फाइल उघडून एकदा सगळ्या स्लाइड नजरेखालून घाला. मूळ कशा दिसतात ते कळण्याची ही शेवटची संधी, पुढे तुलनेला उपयोगी पडते.
४. प्रत डाउनलोड करण्याचा पर्याय निवडा आणि प्रकार पॉवरपॉइंट ठेवा. पुन्हा तेच करून पीडीएफही उतरवा.

एक खोड लक्षात असू द्या. कीनोटचं प्रेझेंटेशन मॅकवर एक फाइल दिसतं, पण कधी कधी ते खरं तर फोल्डर असतं. विंडोजवर आल्यावर ते फोल्डरच दिसतं, आत पाच-पन्नास तुकडे. तुकडे वेगवेगळे उघडून काही हाती लागत नाही. पाठवणाऱ्याला कीनोटमध्ये 'फाइल', 'ॲडव्हान्स्ड', 'चेंज फाइल टाइप', 'सिंगल फाइल' असं करून पाठवायला सांगा.

२००९ च्या आसपासच्या कीनोट फाइलींसाठी एक चोरवाट आहे. प्रतीचं एक्स्टेन्शन झिप करा, उलगडा, आणि आत 'क्विकलुक' नावाचं फोल्डर आहे का बघा. पुष्कळदा त्यात पूर्ण प्रेझेंटेशनची पीडीएफ झलक ठेवलेली असते. नव्या फाइलींमध्ये मात्र झलक म्हणून पहिल्या स्लाइडचं एक चित्र मिळतं, तेवढंच. चित्रं आणि व्हिडिओ 'डेटा' फोल्डरमध्ये सापडतात.

जीस्लाइड्स

संगणकावर गूगल ड्राइव्हचं फोल्डर असणाऱ्यांना वाटतं की त्यातली फाइल उचलून मेलला जोडली की झालं. पण जीस्लाइड्स फाइलमध्ये एकही स्लाइड नसते. असतो तो फक्त ऑनलाइन प्रेझेंटेशनचा पत्ता, काहीशे बाइटचा. तो जगातला कुठलाही कन्व्हर्टर बदलू शकत नाही, कारण बदलायला आत काही नाहीच. पाठवणाऱ्याने एकतर ते तुमच्याशी शेअर करावं, नाहीतर गूगल स्लाइड्समध्ये 'फाइल', 'डाउनलोड' करून पीपीटीएक्स पाठवावी.

ऑनलाइन कन्व्हर्टरबद्दल

'फाइल चढवा, बदलून घ्या' अशी संकेतस्थळं शेकड्यांनी आहेत आणि त्यातली काही नीट कामही करतात. माझा आक्षेप दुसरा आहे. प्रेझेंटेशनमध्ये विक्रीचे आकडे, रुग्णांची माहिती, विद्यार्थ्यांचे गुण, काहीही असू शकतं, आणि स्लाइडखालच्या नोट्समध्ये तर माणूस मनातलं लिहून ठेवतो. ते सगळं अनोळखी सर्व्हरवर जातं. वर सांगितलेल्या मार्गांनी काम होत असताना ही जोखीम कशाला? जाहीर माहितीची फाइल असेल तर वापरा, पण 'आधी आमचं सॉफ्टवेअर इन्स्टॉल करा' म्हणणाऱ्या पानावरून मागे फिरा.

उघडली, पण विस्कटली

इथे खरा वेळ जातो. फाइल उघडली म्हणजे काम झालं असं धरून लोक थेट सभागृहात जातात, आणि तिसऱ्या स्लाइडवर मजकूर चौकटीबाहेर सांडलेला असतो.

फॉन्टपासून सुरू करा, त्यातही देवनागरीपासून. मजकुराच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांचा अर्थहीन गुंता दिसत असेल, तर प्रेझेंटेशन श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या, युनिकोड (सगळ्या लिप्यांसाठीची समान संगणकीय पद्धत) येण्याआधीच्या फॉन्टमध्ये केलेलं आहे. त्या पद्धतीत संगणक आत रोमन अक्षरंच साठवतो आणि फॉन्ट त्यांच्यावर देवनागरीचे आकार चढवतो. फॉन्ट नसला की आतलं उघडं पडतं. फाइलमध्ये दोष नाही. बघण्यापुरतं काम असेल तर तोच फॉन्ट मिळवून इन्स्टॉल करा, किंवा पीडीएफ मागवा. मजकूर पुढे वापरायचा असेल तर त्या त्या फॉन्टसाठीच्या कन्व्हर्टरमधून तो युनिकोडमध्ये आणावा लागेल आणि नंतर डोळ्यांनी तपासावा लागेल. रफार, जोडाक्षरं आणि पहिली वेलांटी इथे चुका राहतात.

अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसले तर मजकूर युनिकोडच आहे, पण वापरलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही. मजकूर निवडून निर्मला यूआय, मंगल किंवा नोटो सान्स देवनागरी असा फॉन्ट द्या. पॉवरपॉइंटमध्ये 'होम' टॅबवरच्या 'रिप्लेस' शेजारच्या बाणात 'रिप्लेस फॉन्ट्स' आहे. सगळ्या स्लाइडवरचा एक फॉन्ट एका फटक्यात बदलतो. लिब्रेऑफिसमध्ये देवनागरीचा फॉन्ट वेगळ्या खणात असतो: 'फॉरमॅट', 'कॅरेक्टर' मध्ये कॉम्प्लेक्स टेक्स्टसाठी दुसरी जागा दिसेल, तिथे बदला. ती जागाच दिसत नसेल तर 'टूल्स', 'ऑप्शन्स' मधल्या भाषेच्या सेटिंगमध्ये ती चालू करावी लागते. रोमनच्या खणात कितीही फॉन्ट बदलले तरी मराठी मजकूर हलत नाही, आणि माणूस प्रोग्रॅमला दोष देत बसतो.

अक्षरं ठीक, पण ओळी चुकीच्या जागी तुटतात? मूळ फॉन्ट नसल्याने बदली फॉन्ट लागला आहे आणि त्याची रुंदी वेगळी आहे. चौकट थोडी वाढवा किंवा अक्षर एक-दोन पॉइंट कमी करा.

व्हिडिओचं दुखणं जुन्या फाइलींमध्ये ठरलेलं. पॉवरपॉइंट २००७ पर्यंत व्हिडिओ फाइलच्या आत साठवला जातच नसे, फक्त त्याचा पत्ता असे. म्हणून स्लाइडवर व्हिडिओचं चित्र दिसतं आणि दाबलं की काही होत नाही. व्हिडिओची फाइल वेगळी मागवा आणि ती त्या स्लाइडवर नव्याने घाला. व्हिडिओ आत असूनही चालत नसेल तर त्याचा प्रकार बघा. विंडोजचा डब्ल्यूएमव्ही मॅकवर रुसतो, मॅकचा एमओव्ही विंडोजवर. एच २६४ चित्र आणि एएसी आवाज असलेला एमपी४ करून घेतला की दोन्हीकडे चालतो. फ्लॅशचे तुकडे असतील तर त्यांची आशा सोडा. ॲडोबीने २०२० च्या अखेरीस फ्लॅशचा पाठिंबा थांबवला.

ॲनिमेशनमध्ये सूक्ष्म बदल होतातच. कीनोटचं 'मॅजिक मूव्ह' किंवा पॉवरपॉइंटचं 'मॉर्फ' दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये साध्या विरघळण्यावर येतं. त्याने फार बिघडत नाही. बिघडतं ते एकावर एक येणाऱ्या गोष्टींनी: एक चित्र जाऊन त्याच जागी दुसरं येणार होतं, ॲनिमेशन गळालं आणि दोन्ही एकमेकांवर दिसू लागली. पीडीएफमध्येही असंच होतं. अशी स्लाइड दोन स्लाइडमध्ये फोडणं हाच टिकाऊ उपाय.

आलेख उघडून आकडे बदलता येतात का, स्मार्टआर्ट (पॉवरपॉइंटमधल्या तयार आकृत्या) निवडल्यावर मजकूर बदलतो का, हेही एकदा तपासा. लिब्रेऑफिसमधून फिरून आलेलं स्मार्टआर्ट नुसत्या आकृत्यांचा गट होऊन बसतं, दिसायला तेच.

फाइल खरोखरच खराब असेल तर

वरचं सगळं करून झालं, तरी हट्ट कायम. मग मूळ फाइलऐवजी तिच्यातला माल वाचवायचा. नवं कोरं प्रेझेंटेशन उघडा, 'होम' टॅबवर 'न्यू स्लाइड' च्या बाणात तळाशी 'रीयूज स्लाइड्स' शोधा; पॉवरपॉइंटच्या अगदी नव्या आवृत्त्यांमध्ये ते नसेलही. तिथून खराब फाइल निवडली की कधी कधी सगळ्या नाही तरी बऱ्याचशा स्लाइड एकेक करून आत येतात. ज्या स्लाइडवर गाडी अडते ती दोषी, तिला सोडून पुढे जा.

तेही नाही जमलं तर पीपीटीएक्सच्या प्रतीचं एक्स्टेन्शन झिप करून ती उलगडा. आत 'पीपीटी' नावाचं फोल्डर, त्यात 'मीडिया' मध्ये सगळी चित्रं आणि व्हिडिओ मूळ रूपात, आणि 'स्लाइड्स' मध्ये प्रत्येक स्लाइडची एक एक्सएमएल फाइल. ती ब्राउझरमध्ये उघडली की खुणांच्या जंजाळात मजकूर वाचता येतो, मराठी युनिकोड असेल तर तोही. ओडीपीमध्ये चित्रं 'पिक्चर्स' फोल्डरमध्ये आणि सगळ्या स्लाइडचा मजकूर 'कंटेंट' नावाच्या एकाच एक्सएमएलमध्ये असतो. मांडणी गेली, पण मजकूर आणि चित्रं हाती आली की प्रेझेंटेशन पुन्हा उभं करता येतं. झिपच उलगडत नसेल तर फाइल अर्धवट उतरलेली असण्याची शक्यता जास्त. मग पाठवणाऱ्याकडचा आकार विचारा आणि तुमच्याकडच्याशी ताडून बघा. फाइल वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्हवर ठेवलेली असेल तर तिच्या जुन्या आवृत्त्यांची यादीही बघा, कालची प्रत धडधाकट निघू शकते.

तुम्ही पाठवणारे असाल तेव्हा

पीपीटीएक्स पाठवा आणि सोबत पीडीएफ जोडा. पीडीएफमध्ये फॉन्ट आत जातात, त्यामुळे दिसणं पक्कं राहतं. पीपीटीएक्समध्ये फॉन्ट घालायचे असतील तर विंडोजच्या पॉवरपॉइंटमध्ये 'फाइल', 'ऑप्शन्स', 'सेव्ह' खाली 'एम्बेड फॉन्ट्स इन द फाइल' चालू करा. फॉन्टच्या परवान्यात मुभा असेल तरच तो आत जातो, आणि फाइलचा आकार वाढतो. व्हिडिओ जोडलेले पण बाहेर ठेवलेले असतील, तर 'एक्स्पोर्ट' मधलं 'पॅकेज प्रेझेंटेशन फॉर सीडी' वापरा. नाव जुनाट असलं तरी सीडी लागत नाही, ते सगळ्या जोडफाइली एका फोल्डरमध्ये गोळा करून देतं. ते पूर्ण फोल्डर झिप करून पाठवा.

आणि दुसऱ्याच्या संगणकावरून सादर करायचं असेल तर आयोजकांना दोनच प्रश्न आधी विचारून ठेवा: तिथे कोणता प्रोग्रॅम आहे, कोणत्या आवृत्तीचा; आणि पडदा चार-तीन प्रमाणाचा आहे की सोळा-नऊ. पॉवरपॉइंट २०१३ पासून नवी स्लाइड सोळा-नऊची असते, जुनी चार-तीनची. 'डिझाइन' टॅबवर 'स्लाइड साइज' मध्ये ते बदलता येतं, पण बदलल्यावर प्रत्येक स्लाइड पुन्हा बघावी लागते, म्हणून ते आदल्या दिवशीच उरका.